निम्म्याने मागावे

परीक्षणासाठी माझ्याकडे आजवर जी पुस्तके आली त्यांतले निम्मे कवितासंग्रह होते आणि उरलेली निम्मी कवींनी लिहिलेली गद्य पुस्तके होती. त्यामुळे एखादे पुस्तक हातात पेन्सिल घेऊन, मनापासून, दोनदा वाचावे असा योग माझ्या वाट्याला फारसा आलाच नाही. तो आला पासष्टी उलटल्यावर, आणि तोही एका प्रवासी कंपनीच्या कृपेने. मॉरिशसच्या सहलीचे पैसे भरले तेव्हा कंपनीने एक टोपी, एक पाण्याची बाटली, खांद्याला अडकवायची एक पिशवी आणि बत्तीस पानांची एक पुस्तिका दिली. टोपी पहिल्याच दिवशी समुद्राने नेली, बाटली मुळातच गळत होती, पिशवीचा बंद मुंबईच्या विमानतळावर तुटला. टिकली ती पुस्तिका. वाङ्मयाचे असेच असते.

पुस्तिकेचे नाव लांबलचक आहे, ते सांगून कंपनीला ओशाळे करण्याची माझी इच्छा नाही. विषय मात्र एका ओळीत सांगता येतो : बेटावर गेलेल्या माणसाने पैसे कसे जपावेत, आणि काय, कुठे, केवढ्याला विकत घ्यावे. लेखकाचे नाव कुठेही नाही. म्हणजे वेदांसारखी हीही अपौरुषेय. मुद्रणदोष तेवढे पौरुषेय आहेत. राजधानीचे नाव पहिल्या पानावर 'पोर्ट लुई' असते, सातव्या पानावर त्याचे 'पोर्ट लुईस' होते आणि अखेरच्या पानावर 'पोटलुई'. या शेवटच्या रूपाशेजारीच भोजनाचे वेळापत्रक छापलेले आहे, तेव्हा त्याला दोष म्हणावे की श्लेष, हे मी वाचकांवर सोपवतो.

शैली सगळी विध्यर्थी. पाकीट मागच्या खिशात ठेवू नये. पासपोर्टाची प्रत वेगळी ठेवावी. अनोळखी माणसाशी सलगी करू नये. समर्थांनी उभ्या महाराष्ट्राला 'करावे' आणि 'करू नये' यांची जी गोडी लावली ती अजून सुटलेली नाही. फरक एवढाच, की समर्थांना माणसाच्या मनाची काळजी होती आणि या ग्रंथकर्त्याला पाकिटाची आहे. संपूर्ण पुस्तिकेत पात्रे दोनच. एक 'प्रवासी' : भोळा, पैसेवाला आणि कायम उन्हात उभा असलेला. दुसरा 'स्थानिक विक्रेता' : त्याला नाव नाही, चेहरा नाही, बायकामुले नाहीत, फक्त किंमत सांगायला तोंड आहे. एवढ्या भांडवलावर बत्तीस पाने भरणे सोपे नाही.

पुस्तिका कोणत्या काळात लिहिली गेली याचा पुरावा चौथ्या पानावर मिळतो. तिथे 'ट्रॅव्हलर्स चेक न्यावेत' असा आदेश आहे. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीपाशी मी तो शब्द उच्चारला. तिने मॅनेजरला बोलावले. मॅनेजर वयस्क होता, त्याने तो शब्द तरुणपणी ऐकला असावा. त्याने माझ्याकडे डोडो पक्ष्याकडे पाहावे तसे पाहिले. तोवर आमच्याच गटातले एक गृहस्थ शेजारच्या दुकानात फोन पुढे करून, सांगलीत भेळेचे पैसे द्यावेत तसे पैसे देऊन आलेसुद्धा! २०२४ च्या फेब्रुवारीत आपले यूपीआय आणि रूपे कार्ड मॉरिशसमध्ये सुरू झाले, हे पुस्तिकेच्या गावीही नाही. मंडईत आणि पुरीच्या गाडीवर मात्र रोख नोटाच जवळ असाव्यात, आणि त्याही सुट्ट्या. हे मी माझ्या पदरचे सांगतो. पुस्तिकेत नाही.

'मॉरिशसचे चलन रुपया आहे,' एवढे एक वाक्य लिहून ग्रंथकर्ता पुढच्या विषयाकडे वळतो. अहो, पण खरी गोची इथेच आहे! डॉलर म्हटला की माणूस आपोआप गुणाकार करतो. रुपया म्हटल्यावर कोण करील? गेली काही वर्षे तिथला एक रुपया म्हणजे आपला पावणेदोन ते दोन रुपयांच्या घरात असतो. पण आमच्या सौ.ना हे कबूलच नव्हते. 'रुपया म्हणजे रुपया' हा त्यांचा अर्थशास्त्रीय सिद्धांत. त्यामुळे पहिले दोन दिवस आम्हांला सगळे बेट अतिशय स्वस्त वाटले. तिसऱ्या दिवशी रात्री मी हिशोब मांडला आणि चौथ्या दिवशी आम्ही दोघांनी नुसता समुद्र पाहिला.

हा रुपया तिथे पोचला तो आपल्याच माणसांच्या कंबरेच्या कशातून. मजूर इथले, व्यापारी इथले, तांदूळ इथला. तेव्हा १८७६ साली तिथल्या इंग्रज सरकारने रुपयालाच अधिकृत चलन ठरवून टाकले. पुस्तिका म्हणते, 'नोटा मोजून घ्याव्यात.' मी म्हणतो, वाचूनही घ्याव्यात. तिथल्या नोटेवर किंमत तीन लिप्यांत असते : आधी इंग्रजी, मग तमिळ, मग देवनागरी. हा क्रम सहजासहजी लागलेला नाही. १९९८ साली नव्या नोटा निघाल्या त्यांत देवनागरी वर आणि तमिळ खाली गेली. बेटावरचे तमिळ लोक खवळले. त्यांचे पूर्वज कारागीर म्हणून फ्रेंचांच्या अमदानीतच तिथे आले होते. ओरड एवढी झाली, की सरकारला त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या आणि पुढच्या वर्षी तमिळ पुन्हा वर ठेवून नव्या छापाव्या लागल्या. नोटेवर किती शून्ये आहेत यावरून भांडणारी माणसे मी जन्मभर पाहिली. नोटेवर आपली ओळ कितवी आहे यावरून भांडणारी माणसे मला एकदम मोठी वाटायला लागली. हिशोबाच्या चिडीत मी ती नोट हॉटेलच्या टेबलावर आपटली होती. ती उचलून नीट घडी करून ठेवली.

आता पुस्तिकेच्या गाभ्याकडे वळू. सूचना क्रमांक तेरा : 'विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने मागावे व न दिल्यास निघून गेल्यासारखे करावे.' सूचना क्रमांक चौदा : 'खरेदी करताना आपसात मराठीत बोलावे, म्हणजे विक्रेत्यास आपला बेत कळत नाही.' नाट्यशास्त्राच्या दृष्टीने तेरावी सूचना श्रेष्ठ आहे. 'निघून गेल्यासारखे करावे' हे जाणे नव्हे, न जाणेही नव्हे. नटाला विचारा, रंगमंचावर सर्वांत अवघड काय असते? मी हा प्रयोग पोर्ट लुईच्या मोठ्या मंडईत पहिल्यांदा एका बनियनवर केला. तिला तिथले लोकही 'बाजार' असेच म्हणतात. खाली भाजी, फळे, आणि आपल्या फालुद्याची 'आलुदा' नावाची धाकटी बहीण. वरच्या मजल्यावर कपडे, टोपल्या, मसाले, मण्यांच्या माळा. बनियनवर डोडो होता. मी निम्म्याने मागितले, विक्रेत्याने मान हलवली, मी निघून गेल्यासारखे केले. दहा पावले गेलो. वीस गेलो. मागून हाक येईना. वळून पाहिले तर तो शेजाऱ्याशी फुटबॉलवर बोलत होता. अखेर मी परत आल्यासारखे केले आणि पूर्ण किंमत दिली. पुस्तिकेत परत येण्याबद्दल काही सूचना नाही.

त्यानंतर टोपली. पानांची विणलेली, मजबूत कड्यांची, भाजीला आणावी तशी टोपली सौ.ना दिसली. मागे सत्तरीच्या घरातल्या एक बाई बसलेल्या. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, वर विणलेला स्वेटर, केस पांढरेशुभ्र. किंमत विचारली. त्यांनी बोटांनी चार दाखवून 'हंड्रेड' म्हटले. झाले! आम्ही चौदाव्या सूचनेचा अवलंब केला.

"अहो, चारशे सांगतेय," सौ. म्हणाल्या, "दोनशेला मागा. चोर असतात मेले इथले सगळे."

"दीडशेपासून सुरू करू," मी मुरलेल्या माणसासारखा म्हणालो, "म्हणजे दोनशेवर येईल."

बाई टोपल्या लावत होत्या, लावतच राहिल्या. मग आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "दीडशात नुसती पानं पण येत नाय, बाय."

मंडईत इतका आवाज होता. तो त्या क्षणी कुठे गेला मला माहीत नाही.

"आणि मी चोर नाय," त्या म्हणाल्या.

सौ.नी माझ्याकडे पाहिले. मी पुस्तिकेकडे पाहिले. "बाई, आम्हांला तसं म्हणायचं नव्हतं हो," सौ. म्हणाल्या.

"तसंच म्हणायचं होतं," बाई म्हणाल्या. रागावून नव्हे. आपण 'आज गुरुवार' म्हणतो तशा.

इथे समीक्षकाने थांबून दोन शब्द लिहिणे भाग आहे. जगाच्या पाठीवर मराठीत कुजबुजायला सुरक्षित अशी कितीतरी बेटे आहेत. ग्रंथकर्त्याने नेमके असे बेट निवडावे, की जिथे गणेशचतुर्थीची सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवतात, आणि कोकणातून गेलेल्यांची पणतवंडे अजून झाकडी नाचतात! याला अज्ञान म्हणता येत नाही. याला प्रतिभा म्हणावे लागेल.

मग बाई बोलल्या. त्यांची मराठी निम्मी कोकणची, पाव क्रिओल, पाव भोजपुरी. आजोबांचे कोणीतरी 'रत्नांगिरी'हून आले होते. त्यांनी स्वतः ती पाहिलेली नाही. घरात नातवंडे क्रिओल बोलतात; मराठी उरली आहे ती देवाशी आणि धाकट्या बहिणीशी बोलायला. टोपलीची पाने वाक्वाची. ते आपल्या केवड्याच्या जातीचेच झाड. वाक्वा नावाचे अख्खे गाव त्या झाडाच्या नावावर आहे. पानाचे काटे काढायचे, पट्ट्या करायच्या, वाळवायच्या, मग विणायला बसायचे. सौ.नी विचारले, दिवस किती लागतात? बाई हसल्या. म्हणाल्या, "डोळे चांगले असतात तवा कमी."

मी निमूटपणे चारशेच्या नोटा पुढे केल्या. त्यांनी मोजल्या आणि पन्नासची एक नोट परत दिली. "टुरिस्टला पन्नास वर सांगते," त्या म्हणाल्या. "तुमी बोललेलं मला कळलं, मंग माजं तुमाला कळाया पायजे."

न्यायाने बोलायचे तर पुस्तिका अगदीच खोटी नव्हती. किंमत वाढवून सांगतात, हे खरे निघाले. पण शेकडा पन्नास टक्के नव्हे, चारशेत पन्नास. ग्रंथकर्त्याने या दोन पन्नासांत घोटाळा केला आहे. त्याच्याच हिशोबाने वागलो असतो, तर बाईंच्या हातात आठव्या भागाची नफेखोरी करण्याबद्दल निम्म्याने दंड झाला असता.

मंडईतून खाली उतरून पाचसात मिनिटे चालले की आप्रवासी घाट लागतो. पुस्तिकेत त्याला दीड ओळ आहे, 'वेळ असल्यास पाहावे' या सदरात. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे करारावर या बेटावर आली, ती या बंदराच्या वाटेने. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हटले. काळ्या दगडाच्या पायऱ्या, काही भिंती, एवढेच उरले आहे. सुरुवातीच्या करारांत पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर आला नाही, की दोन दिवसांचा पगार कापायचा. याला 'डबल कट' असे नावच होते. सौ. पायऱ्यांपाशी टोपली घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. त्यांचे गणित माझ्यापेक्षा चांगले. म्हणाल्या, "म्हणजे महिन्यात पंधरा दिवस आजारी पडला तर तीस दिवसांचा पगार गेला, आणि महिन्याचे दिवसही तीसच. हातात काही नाहीच." मी म्हटले, "शिधा." त्या म्हणाल्या, "तोही कापत असतील." तोही कापत असत, हे मी आत वाचून आलो होतो, पण बोललो नाही.

असो. पुस्तिकेचे उरलेले भाग भराभर उरकतो. कपड्यांसाठी 'कात्र बोर्नचा बाजार गाठावा' हे बरोबर आहे. तो गुरुवारी आणि रविवारी भरतो, हे मात्र आम्हांला तिथे मंगळवारी पोचल्यावर कळले. टॅक्सीचे भाडे आधी ठरवून घ्यावे, हेही बरोबर. पण पोर्ट लुईहून कात्र बोर्नवरून थेट क्युरपीपपर्यंत आता मेट्रो जाते, आणि ती कुणाशीही घासाघीस करीत नाही. प्रवाळ आणि शंख-शिंपले कुणी कितीही स्वस्त देऊ केले तरी घेऊ नयेत, हे पुस्तिकेने ठळक टाइपात छापायला हवे होते. ते तिने 'आकर्षक भेटवस्तूं'मध्ये घातले आहे. प्रवाळ आपल्याकडच्या वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. मुंबईला विमानतळावर त्या भेटवस्तूंचे आकर्षण कुणाला वाटेल, हे सांगायला नको. शामारेलची सात रंगांची माती काचेच्या नळीत थर लावून विकतात. आमची नळी सांगलीला पोचेपर्यंत एकरंगी झाली. तो रंग आमच्या गच्चीतल्या कुंडीचाच आहे.

'मॉरिशसची साखर अवश्य आणावी.' या वाक्यावर मी पेन्सिलीने तीन उद्गारचिन्हे काढली आहेत. मी सांगलीचा. ज्या जिल्ह्यात साखर कारखान्याच्या निवडणुकीपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, त्या जिल्ह्यात मी विमानाने साखर आणली! ती काळसर, दमट, काकवीच्या वासाची आहे आणि चांगली आहे, हे शेजाऱ्यांच्या देखत मान्य करणे अवघड गेले. साखर काय, व्हॅनिलाचा चहा काय, विमानतळावर न घेता गावातल्या वाण्याकडे किंवा सुपरमार्केटात घ्यावा. तोच पुडा, कमी पैसे. चहाबद्दल मतभेद आहेत. आमच्या घरी तो पहिल्यांदा केला तेव्हा शेजारच्या वहिनी 'केक कुणाचा वाढदिवस म्हणून केलात?' असे विचारत आल्या.

खाण्याच्या प्रकरणात ग्रंथकर्ता रस्त्यावरचे काही खाऊ नये म्हणतो. म्हणजे तो डालपुरीला मुकला. हरभऱ्याच्या डाळीचे पुरण भरलेली पातळ पोळी. गूळ तेवढा वगळला, की आपली पुरणपोळीच. ती नेहमी जोडीने देतात, आत घेवड्याची उसळ, चटणी, लोणचे घालून कागदात गुंडाळून. निम्म्याने मागायची सोयच नाही, कारण एक मागितली तरी दोन येतात.

डोडोविषयी पुस्तिका भरभरून बोलते. सतराव्या शतकात नामशेष झालेला हा पक्षी आज लाकडात, कापडात, काचेत आणि साबणातसुद्धा मिळतो. जिवंत होता तेव्हा तो कुणी विकत घेतला नाही, कारण फुकट हाताला लागत होता. बनियनवर आता त्याची पूर्ण किंमत पडते, ती मी दिली आहे.

पण बेटावरच्या सर्वांत मोठ्या खरेदीचा उल्लेख ग्रंथकर्त्याने करू नये, याचे मला खरोखर वाईट वाटले. १८४७ साली मॉरिशसने दोन पोस्टाची तिकिटे काढली, एक पेनीचे नारिंगी आणि दोन पेन्सचे निळे. दोन्ही मिळून दर्शनी किंमत तीन पेन्स. १९९३ साली तिथल्या बँका आणि कंपन्यांनी वर्गणी काढून ही जोडी परदेशातून परत विकत आणली, सुमारे वीस लाख डॉलर्सना. निम्म्याने मागितली होती की नाही याची नोंद नाही. बंदराजवळच्या संग्रहालयात ती ठेवलेली आहेत. उजेडाने रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर दर तासाला थोडाच वेळ दिवा लावतात, बाकी वेळ नकला दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा दिवा मालवलेला होता. नकला पाहिल्या. सौ. म्हणाल्या, "चांगल्या आहेत की!" तरी आम्ही थांबलो. दिवा लागला, तेव्हा त्या दोन कागदाच्या कपट्यांकडे पाहायला आमच्याबरोबर शाळेची एक अख्खी रांग होती आणि ती मुले श्वास रोखून उभी होती.

परत आल्यावर कंपनीने अभिप्रायाचा कागद पाठवला. 'पुस्तिका उपयुक्त वाटली का?' या प्रश्नापुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही. मी दोन्ही सोडून समासात लिहिले, की सूचना क्रमांक चौदा ताबडतोब काढून टाकावी. तेरावी ठेवायची असल्यास 'निम्म्याने'ऐवजी 'नम्रपणे' असा पाठभेद घ्यावा. अजून उत्तर आलेले नाही.

टोपली मात्र झकास आहे. सौ. ती रोज मंडईला नेतात. परवा आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी ती उलटीपालटी करून पाहिली, कडी ओढून पाहिली आणि विचारले, "वैनी, केवढ्याला घेतलीसा?"

"साडेतीनशे," सौ. म्हणाल्या. गुणाकार न करता.

"गंडवलं की तुमास्नी," मावशी म्हणाल्या. "निम्म्यानं मागायचं न्हाई व्हय?"